इतिवृत्त

विषय क्रमांक चार : प्रबंधाचं काय करायचं.
बाहेर उणे एकवीस. काचेवर आतूनही बर्फाची साय.
टोलेफसन सर म्हणाले, पाच प्रकरणं हवीतच,
घराला भिंती लागतात तशी.
(घराला चार लागतात, हे मी लिहून घेतलं नाही.)

बावीस वर्षं या समितीचं इतिवृत्त लिहिते आहे.
अख्ख्या नॉर्थ डकोटातून मुख्याध्यापक येतात,
शनिवारी, दीडशे मैल गाडी हाकत,
चार-पाच वर्षांनी डॉक्टर होऊन जातात.
त्यांचे प्रबंध तळघरात. काळा पुठ्ठा, सोनेरी अक्षरं.
किल्ली माझ्याकडे असते.
कुणी मागितल्याचं आठवत नाही.

आज डेल्फीन अझूर यांना बोलावलं होतं,
विद्यार्थ्यांच्या वतीनं.
वीस मिनिटं उशिरा आल्या, बुटांवरचा बर्फ तसाच.
तुमचा संशोधनप्रश्न?
त्या म्हणाल्या, सात नंबरची बस.

पूल कमकुवत ठरला तेव्हापासून
बस अकरा मैलांचा वळसा घेते.
नाश्ता पावणेआठला आवरतात. बस येते आठला.
एकोणीस मुलं उपाशीपोटी अपूर्णांक सोडवतात,
आणि निकाल बघून जिल्हा कार्यालय
शिक्षकांना प्रशिक्षणाला धाडतं.
"तीन आठवडे त्या बसमधून गेले.
ऑर्व्हिल, चालक, दुसऱ्या आठवड्यात बोलायला लागला."

सैद्धांतिक चौकट? कुणीतरी विचारलंच.
त्यांनी कोटाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला :
नाश्ता वर्गाच्या दारात नेला तर
किती मिनिटं, किती डॉलर,
कोण नाही म्हणेल.
पहिलं नाव स्वयंपाकघरातल्या बर्निसचं,
पुढे पेन्सिलीनं : गुडघे.

रेडिएटर ठकठकत राहिला.
सर चष्मा पुसत होते. नियमावली त्यांच्याच हातची.
"हे गुडघे," ते म्हणाले,
"कोणत्या प्रकरणात जातील?"
थट्टा नव्हती. कुणी हसलंही नाही.

विषय पुढे ढकलावा : पाच.
आजच ठरवावं : चार.
चौथा हात सरांचा, सर्वांत उशिरा वर गेलेला.
इतिवृत्तात हातांची नावं लिहीत नाहीत.

खुर्च्या सरकल्या. मला वाटलं, बाई निघाल्या.
त्या माझ्या टेबलापाशी थांबल्या :
"शहाऐंशी साली कुणी बसमार्गांवर लिहिलंय म्हणे.
तळघर उघडाल?"

जुडग्यात चौदा किल्ल्या.
कोणती ते मला सांगता येईना.