मुक्काम पोस्ट

सरकारी कागदांवर विश्वास ठेवलात तर
आमच्या या बारा फुटी दुकानात
त्रेचाळीस माणसं राहतात.
ईरी, पेनसिल्वेनिया.
पूर्वी इथे बूट दुरुस्त व्हायचे.
ओल्या दिवशी भिंतींना अजून पॉलिशचा वास येतो.

बूट ठेवायचे लाकडी खण आम्ही तसेच ठेवले,
फक्त वर नावं चिकटवली.
ज्याला घर नाही त्याला आधी पत्ता लागतो:
दवाखान्याला, धान्याच्या कुपनांना,
आणि घराच्या अर्जालासुद्धा.
ही गंमत लुएलानं मला पहिल्याच दिवशी सांगितली.
हसली नाही.

खण नऊ: हॉस्पिटलचं बिल,
बिलाची आठवण, आठवणीची आठवण.
खण बावीस: नातीचं कार्ड,
पाकिटातून चमकी सांडलेली.
खण तीस: थॅडियस स्टान्चाक, वय एकसष्ट.
त्याला दर जानेवारीत बियाण्यांचा कॅटलॉग येतो.
तो उभ्या उभ्या वाचतो, टोमॅटोंवर बोट ठेवून,
आणि बाहेर सरोवरावरून आलेला बर्फ
त्याच्या गाडीच्या काचा,
म्हणजे त्याच्या घराच्या खिडक्या,
बुजवत असतो.

सहा वर्षांनी हाउसिंगचं पत्र आलं.
दहा दिवसांत या, नाहीतर नाव रद्द.
सहा वर्षं ताटकळत ठेवणाऱ्यांना
दहा दिवस पुष्कळ वाटले असावेत.

गाडी टोइंगवाल्यांनी उचललेली. फोन बंद.
लुएलानं वाचनालय पाहिलं, बस स्टँड,
चर्चच्या तळघरातली सूपची रांग.
मी लाँड्रोमॅट पालथे घातले,
तिथे ऊब फुकट मिळते,
निदान मालक येईपर्यंत.
नवव्या दिवशी तो सापडला,
चार नंबरच्या ड्रायरला पाठ लावून.
चष्मा हरवला होता, पत्र मीच वाचलं.
सगळं ऐकून म्हणाला,
"खिडकी कुठल्या बाजूला आहे, लिहिलंय का?"

लिहिलं नव्हतं. दक्षिणेला निघाली.
अर्धं डिपॉझिट आम्ही भरलं,
उरलेल्यासाठी लुएलानं घरमालकाचं डोकं खाल्लं
तेव्हा कुठे तो हप्त्यांना राजी झाला.
एक गादी मिळाली, दोन खुर्च्या,
कान तुटलेलं एक पातेलं.

किल्ली खिशात टाकून थॅडियस दारात थांबला.
"तीस नंबर राहू द्या.
कॅटलॉगवाल्यांना नवा पत्ता कळवला नाहीये.
इतक्यात कळवणारही नाही."
मी कारण विचारलं नाही.
ज्याचं बिऱ्हाड इतकी वर्षं चाकांवर होतं
तो भिंतींवर एकदम भार टाकत नाही.

खण सतरा मात्र भरत चाललाय.
मेव्हिस टर्कोट. ऑक्टोबरपासून आलेली नाही.
कुठे कुठे शोधलं, ते सांगत बसत नाही.
पोस्टमन विचारतो, परत पाठवू का?
लुएला त्याच्या हातातून पाकीट काढून घेते,
कोपरा सरळ करते,
म्हणते, "पत्ता बरोबर आहे."