वजाबाकी

रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात आहे :
चतुरा बसवंत पांचाळ, पाचवा महिना,
रक्त आठ पॉइंट दोन.
लोहाच्या गोळ्या दिल्या, तीस.
पुढं रोजच्या रोज बरोबरच्या खुणा,
अठरा.

लोहाराचं घर. बसवंत आता खिडक्यांचे ग्रिल जोडतो.
पहिल्या बाळंतपणात चतुराच्या उशाखाली
सासऱ्यानं स्वतः घडवलेला विळा ठेवला होता,
लेकराला काही लागू नये म्हणून.
लोखंड राखण करतं म्हणतात.
मीही तेच सांगत फिरते दारोदार,
फक्त आरोग्य खात्याच्या शब्दांत.

दुपारी तीनला फोन. रेवण ओकतोय.
जाऊन बघते तर दोन वर्षांचं पोरगं अंगणात ओणवं,
ओठ लाल,
ओकारीत लाल सालपटं, मग काळं, मग
रक्ताचा एक धागा.
कुणी मिठाचं पाणी पाजायला आणलं होतं,
ते मी हिसकून ओतून दिलं.
खाटेखाली पाकिटं सापडली.
साखरेचा थर असतो त्या गोळ्यांवर.
लेकराचा काय दोष.

एकशे आठच्या गाडीत, घाटनांदूर मागं पडेपर्यंत
मी वजाबाकी करत होते :
तिसातून अठरा गेल्या, बारा. पाकिटात पाच शिल्लक.
म्हणजे सात.
अंबाजोगाईला मॅडमनी विचारलं, किती?
मी रजिस्टर पुढं केलं. सात.
त्यांनी वजन केलं, अकरा किलो,
एका गोळीत साठ मिलिग्रॅम,
कागदाच्या कोपऱ्यात गुणाकार, भागाकार.
एक्सरेत पोटात पांढरे ठिपके,
पण विरघळलेली गोळी फोटोत येत नाही.

चतुरा दाराशी, तोंडात पदर.
“बाई, मी रोज नव्हते खात.
मळमळायचं. परसाकडं काळं व्हायचं, भ्या वाटायचं.
तुम्ही विचारलं की हो म्हणायचे.”
किती खाल्ल्या मग?
ती बोटांवर मोजत राहिली,
एकदा चुकली, पुन्हा पहिल्या बोटापासून.
“अकरा.”

चौदा, मी वॉर्डभर ओरडले. मॅडम, चौदा!

रात्री नऊला पोरगं शांत झालं.
बिस्कीट मागितलं. बापाकडं बघून हसलं.
बसवंत म्हणाला, उतरलं सगळं, घरी नेतो.
मॅडम आडव्या उभ्या राहिल्या :
ही शांतता खोटी आहे.
पोटातलं लोखंड आता रक्तात उतरलंय,
उद्या लिव्हरला धरेल.
रक्तात बांधलेलं असतं तोवर कामाचं,
मोकळं सुटलं की जाळत जातं.

मग कोळसा पाजा की, विषाला देतात ना, तो म्हणाला.
मॅडम म्हणाल्या, कोळसा लोखंडाला धरत नाही.
तो हातांकडं बघत बसला.
तीन पिढ्यांच्या भट्टीत दोघं एकत्र जळत आले होते.

नाकातून नळी, आतडी धुवायला.
शिरेतून ते औषध, थॅलेसेमियाच्या लेकरांचं,
जे रक्तातलं मोकळं लोखंड पकडून लघवीवाटे बाहेर नेतं.
स्टोअरमध्ये दोनच बाटल्या होत्या.
शेजारच्या वॉर्डातल्या शबाना आपानं
मुलाच्या पुढच्या खेपेच्या चार आणून दिल्या,
नाव विचारायच्या आत परत गेली.

पहाटे लघवीच्या पिशवीत
अंबाडीची बोंडं भिजवल्यासारखं पाणी.
बसवंत घाबरला, रक्त!
नाही, मॅडम म्हणाल्या. जातंय.
आम्ही तिघं त्या रंगाकडं बघत राहिलो.
दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो फिका झाला.

आता रेवण ऐरणीवर चढून बसतो.
महिनाभर लक्ष ठेवा म्हणालेत,
खाल्लेलं पुन्हा ओकू लागला तर लगेच या,
आतली जखम भरताना पोटाची वाट आवळते कधी कधी.
गोळ्यांचा डबा चतुरानं उंच खिळ्याला टांगलाय.
मी समोर बसते, ती गिळते,
मग खूण.

त्याच रजिस्टरमध्ये आणखी एकोणचाळीस नावं आहेत.
सगळ्यांपुढं खुणा,
सरळ, एकसारख्या, माझ्याच हातच्या.