तापमानाची विपरीतता

सकाळी साडेसहाला धनकवडीहून स्कूटर काढते तेव्हा
थंडी बरी असते, शेजारणीसारखी:
हाक मारते, पण थांबवून ठेवत नाही.
म्हात्रे पुलावर मात्र अंगावर येते,
हेल्मेटच्या काचेखालून, स्कार्फच्या दुहेरी घडीतून,
थेट अक्कलदाढेपर्यंत.

नववी ब ला मी हेच शिकवते.
एरवी वर जावं तसा गारठा वाढतो.
पण डिसेंबरच्या निरभ्र रात्री
थंड हवा उतारावरून घरंगळते
आणि नदीकाठी फतकल मारून बसते.
मग टेकडीवर ऊब, खाली हुडहुडी.
याला म्हणतात तापमानाची विपरीतता.
दोन गुणांना येते. आकृतीसह तीन.

पहिल्या बाकावरचा ढमढेरे जांभई देतो,
तोंडातून निघालेली वाफ
कार्टूनमधल्या राक्षसासारखी सोडून बघतो.
‘कार्टून नाही मॅडम, ॲनिमे,’
तनाज मुलाणी मला सुधारते.
बरं, ॲनिमे.
शेवटच्या बाकावर मफलरच्या आत
कोरियन गाणी चालू असतात,
अर्थ ठाऊक नाही, शब्द तोंडपाठ.
मी काही बोलत नाही.
आम्हीही प्रतिज्ञा दहा वर्षं अशीच म्हटली.

माझ्या नववीत एका सिनेमात
हिरो बर्फात पिवळा स्वेटर घालून गायचा.
हिरॉइन शिफॉनमध्ये. तिला थंडी वाजायची नाही.
हे भूगोलात बसत नव्हतं,
पण भूगोलाच्या बाईसुद्धा तो सिनेमा बघून आल्या होत्या.
मी तीनदा पाहिला,
त्यातला एकदाच घरी सांगून.

मग आईच्या मागे लागले.
रविवार पेठेत हवा तो पिवळा मिळाला नाही,
म्हणून तिने त्यातल्या त्यात जवळचा आणला,
म्हणजे स्वच्छ सांगायचं तर
पिठल्याचा.
दोन सुलट, एक उलट,
मध्येच मामाचं लग्न, मध्येच तिचा खांदा,
दुसरी बाही झाली तेव्हा एप्रिल लागला होता.
तरी मी एक दिवस घातला. घामोळं आलं.

दहावीच्या गॅदरिंगला ऐटीत घालून गेले
आणि माझ्या नावाचा फिशपाँड पडला:
‘बर्फाशिवाय हिरॉइन आमची, बघा तिचा थाट,
स्वेटर कसला, पिठल्याने भरलेलं ताट!’
अख्खा हॉल हसला. मुख्याध्यापकसुद्धा,
जे आंतरशालेय नाटकात पहिलं बक्षीस मिळालं तेव्हाही
हसले नव्हते.
मी नळापाशी जाऊन रडले,
मग परत येऊन दोन बटाटेवडे खाल्ले.
चिठ्ठी कोणाची ते कधीच कळलं नाही.
अक्षर डावखुऱ्याचं होतं, एवढं खरं.
अजूनही पालकसभेत
एखादे बाबा डाव्या हाताने सही करायला लागले
की मी जरा निरखून बघते.

‘मॅडम, फिशपाँड म्हणजे मासे?’
नाही रे. मीम. पण कागदावरचं.
आणि डिलीट करता यायचं नाही.

काल वर्गाच्या ग्रुपवर एक स्टिकर आलं.
गेटमध्ये शिरणारी मी,
स्कार्फमध्ये गुंडाळलेली, फक्त चष्मा दिसतोय,
खाली लिहिलंय: ‘म्हात्रे पूल, जिवंत परतल्या!’
सदतीस जण डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलेले.
आधी रागवायचं ठरवलं,
मोबाइल आणू नये हा नियम फळ्यावरही लिहिला.
मग ते सेव्ह केलं
आणि आईला पाठवलं.

आज शिवाजीनगरला नऊ अंश.
विपरीततेची आकृती काढताना
मी डोंगरावर लाल खडूने एक रेघ मारते:
जितकं लांब, जितकं वर,
तितकं उबदार, मुलांनो.

स्वेटर मानेला भयंकर टोचायचा,
ते आकृतीत दाखवत नाहीत.