डावीकडे

बोटीत पाणी रोज येत नव्हतं,
हीच कटकट.
रोज आलं असतं तर एका सकाळचं काम.

मच्छीमार संस्थेची बोट, गोव्याहून ट्रकवर आलेली,
आम्ही तिचे तिसरे मालक.
इंजिन पोटात, पंखा शेपटीला,
आणि दोघांच्या मधे मागच्या भिंतीला पाडलेलं ताटाएवढं भोक.
मी पवनीचा पंपवाला. मोनोब्लॉक, सबमर्सिबल, फार तर ट्रॅक्टर.
'स्टर्नड्राइव्ह' हा शब्द बिडीच्या पुठ्ठ्यावर लिहून
खिशात घेऊन फिरत होतो.

बूच पाहिलं. वायसर नवा.
नळ्या चाचपल्या, क्लिपा आवळल्या,
तळातलं पाणी बोटावर घेऊन हुंगलं.
इंजिनातून फिरून आलेल्या पाण्याला
करपलेल्या तव्याचा वास असतो.
याला शेवाळाचा होता.
म्हणजे थेट बाहेरचं.

मग तळ फडक्याने कोरडा केला,
बायकोच्या डब्यातली रांगोळी चाळणीने भुरभुरली,
टॉर्च घेऊन इंजिनापाशी पालथा झालो.
पाणी जिथून चालत येईल तिथे पाऊल उमटेल.
नयन नेवारे चालवत होता. पलीकडे गेलो, परत आलो.
रांगोळी कोरडी.
पुन्हा गेलो. कोरडी. डिझेलच्या वासाने डोकं धरलं.
नयन म्हणाला, "माह्या फेरीत येतच नाही जी.
डोमाकाकाच्याच फेरीत येते."

डोमा भानारकरने बिडी टाचेखाली विझवली.
"पान्याले मानूस ओरखू येते का?"

त्याचा बाप डोंगे कोरायचा.
"डोंगा काठावर घ्याचा न् आतच पानी भराचं.
भाहेरचं पानी लपते. आतलं पानी फट सांगते."
ट्रॉलीवर बोट चढवली.
बावीस बादल्या, इंजिनाच्या पायापर्यंत.
खाली चिखलात आडवा होऊन मी बघत राहिलो.
अर्धा तास. एक थेंब नाही.
बोट हौदासारखी मुकाट.
पोरं जमली, कंटाळली, गेली.

डोमा वर चढला, उगाच,
सवयीने बसला चाकामागे
आणि सवयीनेच चाक पुरतं डावीकडे घेतलं.
शेपूट वळली.
माझ्या कपाळावर थेंब.

भोकातून मागे जाणारा दांडा
एका रबरी भात्यात असतो, घड्याघड्यांच्या,
दंडारीतल्या पेटीला असतो तसा.
डावीकडे वळलं की त्याची उजवी कूस ताणते.
दोन घड्यांच्या खोबणीत नखाएवढी चीर.
सरळ असताना ओठ मिटलेले.

"काका, इतकं कोण वळवते?
नयन तर सरळ जाते."

डोमा उतरला. हात धुतले,
जे धुवायची गरज नव्हती.
"सरळ गेलं तं खाली मोहटोला हाय.
माहा घर तिसरा, चिचेपासून.
मायच्या चुलीवरून पंखा फिरवू का?"

मी बादलीने पाणी उपसायला लागलो.
बावीस भरल्या होत्या, एकोणीसच निघाल्या.
मोजण्यात चूक झाली असेल.

भाता कोचीहून आला, अकरा दिवसांनी, चुकीचा.
मग बरोबरचा, आणखी नऊ.
जुना डोमाच्या नातवाने दंडात घातला,
शाळेत मास्तरांनी काढायला लावला म्हणतात.
नवा बसवताना माझ्या दोन बोटांची सालं गेली.

पहिल्या फेरीला चाक डोमाकडे.
तळात पुन्हा रांगोळी, पुन्हा मी पालथा.
वरचं काही दिसत नाही तिथून,
फक्त इंजिनाचा आवाज उतरतो
आणि बोट एका कुशीवर कलायला लागते,
मीही तिच्यासोबत डावीकडे सरकतो,
खांदा भिंतीला टेकतो.

रांगोळी कोरडी.

टॉर्च विझवला
आणि तसाच पडून राहिलो
वळण संपेपर्यंत.