तोंडाला कान

हरगेसाच्या बाजारात, नोटांच्या विटा रचून बसणाऱ्या
सराफांच्या रांगेमागे आमची एक खोली,
आणि दारात आईचं टेबल.
टेबलावर चार फोन: लाल, पांढरा, राखाडी,
चौथा कुठल्या रंगाचा ते धुळीमुळे कधी कळलंच नाही.
चार फोनांच्या चार कंपन्या, त्यांचे चार खांब,
एकाच छपरावरून गेलेल्या तारा
जावा-जावांसारख्या एकमेकींशी अबोला धरून.

लालवाल्याला पांढऱ्याशी बोलायचं असेल तर
त्याने बेरबेराला स्वतः जावं,
नाहीतर लालवरून आईला सांगावं,
"एब्ला, पांढरा जोड. बेचाळीस सोळा."

आई दोन्ही रिसीव्हर उचलायची,
एक सुलटा, एक उलटा,
तोंडाला कान, कानाला तोंड लावून
सायकलच्या ट्यूबने आवळायची,
वर आपली ओढणी गुंडाळायची,
बकऱ्या आत ओरडू नयेत म्हणून.
त्या गाठोड्यातून मेंढ्यांचे भाव
जेद्दाच्या बोटीपर्यंत पोचायचे.
हिशेब गुरुवारी. वहीत नाव आणि मिनिटं.

रोब्ले उधारीवर चहा प्यायला यायचा.
सरकार होतं तेव्हा तो तारखात्यात होता.
एक एक्स्चेंज, एक तार, दोनशे दहा नंबर.
आजोबांनी अर्ज केला होता;
फोन मंजूर झाल्याचं पत्र आलं
तेव्हा त्यांना पुरून दोन वर्षं झाली होती.
"आणि तारेला कान होते," रोब्ले आवाज उतरवून सांगायचा,
"मीच बसवले.
क्लिक झालं की लोक हवेबद्दल बोलायला लागायचे.
त्या वर्षांत या गावाने
हवेबद्दल फार बोलून घेतलं."

मग विमानं आली.
जी तार उरली ती लोकांनी उपटली,
तांब्याच्या भावाने, किलोवर, ट्रकने सीमेपार.
"सगळ्यांची होती ना,
मग प्रत्येकाने आपापला वाटा नेला."
हे सांगताना तो हसायचा,
पण कप खाली ठेवायचा नाही.

कंपन्यांचं मात्र खोटं कशाला बोला.
तीन दिवसांत फोन घरात, तोही स्वस्त.
इतका स्वस्त, की माणसं निव्वळ
समोरच्याचा श्वास ऐकायला फोन करायची.
फक्त समोरचा आपल्याच कंपनीचा हवा.

एकदा पांढऱ्याकडून गुलेद आला, इस्त्रीच्या शर्टात.
"बाई, हे असं जोडणं बेकायदा आहे."
"कुठल्या कायद्याने?"
आईने खरंच माहिती हवी म्हणून विचारलं होतं.
तो बराच वेळ आठवत उभा राहिला.

अकराव्या दिवशी, मध्यरात्री, पांढरा वाजला.
गुलेदच. बायको बुरोला, अडलेली,
दवाखान्याचा फोन राखाडी.
आईने दर आधी सांगितला, दुप्पट,
मग ट्यूब शोधली.
ओढणी सैल बसली असावी.
"मुलगी," असं पलीकडची नर्स म्हणाली
ते त्याच्याआधी पाव क्षण
आम्हा दोघींना कळलं.

पुढे करार झाला.
चौघी एकमेकींशी बोलू लागल्या,
त्यातल्या दोन तर एकच झाल्या,
आणि दर हळूच चढले.
टेबलावर आता टोमॅटो असतात.

परवा मी तिला विचारलं,
"तुला सगळं ऐकू यायचं?"
"यायचंच. कानाला काय झाकण असतं?"
तिने एक टोमॅटो दाबून बाजूला काढला.
"कोण कुणाला काय म्हणालं, सगळं.
पण मी मिनिटांपलीकडे काही लिहून ठेवलं नाही.
रोब्लेच्या खात्यात आणि माझ्यात
फरक असेल तर तेवढाच."

मी मान हलवली.
वही मांडीवर होती,
ती तिला दिसणार नाही अशी सरकवली.