नैताळ्यापर्यंत

रात्री पावणेतीनला नाशिकरोडला उतरलास,
अंगात अस्वलाएवढं जाकीट, हातात एकच बॅग.
"घरी नाही जयवंता, सरळ मळ्यात," मी म्हटलं,
"पारा उतरतोय."
पिकअपमध्ये मागे ओल्या भुशाची पोती, डिझेलचा कॅन,
पुढे माझा थर्मास.
"किती?" तू विचारलंस.
"पाच. पहाटेपर्यंत चार."
तू हसलास. हसणारच होतास.
उणे बत्तीसमध्ये नऊ हिवाळे काढलेल्याला
आमचे चार अंश म्हणजे पंख्याची हवा.

जेलरोड, नांदूर नाका, मग डांबर मोकळं.
एक उसाचा ट्रॅक्टर, मागचा दिवा बंद,
शिव्या देत त्याला मागे टाकला.
तू तिथला रस्ता सांगत होतास:
रिजायना सोडलं की स्टिअरिंग नुसतं धरून बसायचं,
वळण म्हणून नाहीच.
गव्हाची कोठारं समोर दिसतात
आणि तासभर जवळच येत नाहीत.
बर्फ पडत नाही, वाहतो, रस्त्यावरून आडवा,
पाचट पेटवल्यावर धूर सरपटतो तसा.
डिकीत फावडं, घोंगडी,
पत्र्याच्या डब्यात मेणबत्ती.
"मेणबत्ती कशाला?"
"अडकलो तर. एका मेणबत्तीवर सकाळ गाठता येते."

माडसांगवी गेली. तू गप्प.
मग म्हणालास, एकदा अडकलो होतो.
मूस जॉच्या पुढे, तिसऱ्या हिवाळ्यात.
काचा आतून पांढऱ्या, फोनला एक काडी नाही.
झोपायचं नाही, एवढंच माहीत.
पाढे म्हटले, एकोणिसाच्या पाढ्यात अडलो.
देवाचं नाव घ्यायची लाज वाटली,
एरवी घेत नव्हतो ना.
मग आपला रस्ता म्हणायला लागलो, एसटीच्या कंडक्टरसारखा:
माडसांगवी, ओढा, चांदोरी, निफाड,
नैताळे, विंचूर,
येवला आलं की परत नांदूर नाक्यापासून.
मेणबत्ती संपली तेव्हा कितवी फेरी होती कोण जाणे.
उजाडता उजाडता बर्फ ढकलणारी गाडी आली.
चालवायला बाई होती.
दोर लावला, कॉफी दिली, नाव न सांगता गेली.

हेडलाइटमध्ये पाटी आली तेवढ्यात: लाखलगाव.
तुझ्या फेऱ्यांत हे गाव नव्हतं.
रात्रभर तू ओढ्यावरून थेट
चांदोरीत उतरत होतास.
पाटी तू वाचलीस की नाही, ठाऊक नाही.
मी गिअर बदलला.
ज्या रस्त्यानं माणूस सकाळपर्यंत आला
त्यातलं एक गाव राहिलं तर राहिलं.

मळ्यात कचरूभाऊंनी ओळींच्या तोंडाशी ढीग लावलेले.
मण्यांत पाणी उतरायचे दिवस,
अशा थंडीत मणी तडकतो.
तू ते जाकीट घालून उतरलास
आणि पाच मिनिटांत तुझे दात वाजायला लागले.
मी हसले. बरंच हसले.
"तिथं थंडी दाराबाहेर असते गं," म्हणालास,
"इथं ती बाजेवर येऊन बसते."
मग पोतं उचललंस, ओतलंस,
काडीनं ढोसत जाळ मोठा केलास.
"जाळ नको दादा, धूर पायजे!" कचरूभाऊ ओरडले.
नऊ वर्षांत तुझ्यावर असं कोणी ओरडलं असेल?

तारेला टांगलेल्या थर्मामीटरवर तू बॅटरी मारलीस.
तीन पूर्णांक आठ.
आकडा मोठ्यानं वाचलास, पण या खेपेला हसला नाहीस.

पावणेसातला दिसायला लागलं.
ठिबकच्या नळीवर, गवताच्या टोकांवर पांढरं.
बोटानं खरवडून जिभेला लावलंस.
"हे आपल्या लहानपणी नव्हतं."
होतं. तू झोपलेला असायचास.

मणी वाचले का ते आठ दिवसांनी कळेल.
तुझी परतीची गाडी सहाव्या दिवशी.
कचरूभाऊंनी चहा पुढे करत विचारलं,
"पाव्हणं कुठलं म्हनायचं?"
तू गावाचं नाव सांगायला तोंड उघडलंस
आणि धुरानं ठसका लागला.