एक हात खिशात

ओइव्हाने नियम पहिल्याच दिवशी सांगितला:
आत चारशे व्होल्ट आहेत, इल्मा.
काम करायचं ते एका हाताने.
दुसरा खिशात.
दोन्ही हात आत घातले
तर वीज एकातून शिरते, दुसऱ्यातून निघते,
आणि वाटेत काय लागतं, ते तुला ठाऊक आहे.

ठाऊक आहे.
एकेचाळीस वर्षं झाली.

डुलुथला डिसेंबरात साडेचारलाच काळोख पडतो.
सरोवरावरून लोहखनिजाची बोट गेली,
धक्का निजला,
आणि स्वयंपाकघरातलं टेबल माझं राहिलं नाही.
मिठाच्या बरणीत रेझिस्टर,
कॉफीच्या कपात नट,
पडद्यांना राळेचा धूर.
माझ्या पावाच्या ट्रेला नऊ भोकं पाडून
तो त्याला चेसिस म्हणू लागला.

पेटीला लाकूड विकत आणायचं नाही, म्हणाला.
शेजारच्या हाकालांचा सौना पाडला होता,
त्याची बाकं घेऊन आला. देवदार,
पन्नास हिवाळे माणसांचा घाम प्यालेलं.
रंधा फिरला की राखाडी पापुद्रा निघे
आणि आतून तांबूस, काल कापल्यासारखं.
कोपऱ्यांना खाचा, बोटांत बोटं गुंफावीत तशा.
चौथा कोपरा चुकला.
भुशात सरस कालवून त्याने फट बुजवली
आणि ती बाजू भिंतीकडे केली.
मी पाहिलं. बोलले नाही.

जानेवारीत बटण दाबलं.
चार काचांत निखारे धरले,
खिडकीच्या बर्फावर त्यांचं नारिंगी पडलं,
आणि मग घुमणं.
सलग, एकसुरी,
ओठ मिटून कुणी रुसून बसावं तसं.

अकरा रात्री तो त्याच्या मागे होता.
फ्रीज बंद करून पाहिला (दूध नासलं).
ट्रान्सफॉर्मर आडवा केला, उभा केला.
साऱ्या अर्थिंगच्या तारा एका खिळ्यावर आणल्या.
धक्क्यावरच्या यंत्रांनी त्याचे कान नेले,
वरचे सूर सगळे.
माझं बोलणंही त्यातच गेलं, असं तो म्हणतो.
पण हे खालचं घुमणं
त्याला नेमकं ऐकू येतं.

बाराव्या रात्री मी चष्मा लावून वाकले.
या दोन तारा अशा फटकून का चालल्यात?
दिव्यांना ऊब पोचवतात त्या.
मग पीळ का नाही त्यांना?
घातलेला, म्हणाला. निम्म्यात अंगठा दुखला.
नंतर विसरलो.

त्याने प्लग काढला.
कपॅसिटरमधला साठा रिकामा केला,
मीटर लावून पाहिलं, तीनदा.
बंद केल्यावरही आत राहतं, इल्मा.
मला सांगतोस?

मी पीठ पुसलं आणि दोन्ही हात आत घातले.
आईच्या हाताखाली वेलचीच्या पावाची वेणी घालायला शिकले
तेव्हा सहा वर्षांची होते;
बोटं विसरत नाहीत.
दोन तारा, घट्ट,
मध्ये नखही शिरू नये असा पीळ,
एका दिव्यापासून दुसऱ्यापर्यंत, कडेकडेने.
ओइव्हा बाजूला उभा,
आता दोन्ही हात खिशात,
शाळेत फळ्याशी उभं केलेल्या मुलासारखा.

घुमणं अगदीच गेलं असं नाही.
मागच्या खोलीत जाऊन बसलं, एवढंच.

त्याला तीन कॉर्ड येतात.
तिसरा अजून दुखतो.
पहिला वाजवला आणि ट्रेवरचे चमचे हलले.
जाडसर आवाज, कडेला थोडा फाटलेला,
सर्दी उतरताना माणूस बोलतो तसा.
अर्ध्या तासाने लाकूड तापलं
आणि पेटीतून वास आला,
ओल्या दगडांचा, बर्चच्या पानांचा,
म्हाताऱ्या हाकालाच्या साबणाचा.
आम्ही दोघांनी एकदमच नाक वर केलं.

खालून मिसेस पुरसेलने झाडूच्या दांड्याने ठोकलं.
त्याला ते ऐकू गेलं नाही.

वरचे सूर कसे आहेत? त्याने विचारलं.
तो वाजवत राहिला.
मी खुर्ची जवळ ओढली
आणि त्याच्या कानाशी, मोठ्याने,
एकेक सांगत गेले.